बारा कानांचं टेबल

पुढारीण हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती कधी निवडणुकीला उभी राहिली नाही, कुठल्या मोर्चात गेली नाही, आणि भाषण करायची वेळ आली असती तर तिच्या घशाला कोरड पडली असती. पण बाइंडिंगच्या कारखान्यात एक लांबलचक टेबल होतं, त्याच्याभोवती सहाजणी एकीमागून एक चालायच्या, आणि त्यात सगळ्यात पुढे ती असायची. म्हणून पुढारीण. आधी कोणीतरी चेष्टेनं म्हटलं, मग मालक म्हणू लागले, आणि एके दिवशी घरी नवऱ्यानंही तशीच हाक मारली, तेव्हा तिनं नाक मुरडणं सोडून दिलं.

काम सांगायला सोपं होतं. छापखान्यातून मोठमोठे कागद यायचे. त्यांच्या घड्या घातल्या की सोळा-सोळा पानांचे फर्मे व्हायचे. पहिल्या फर्म्याचा ढीग टेबलाच्या टोकाला, त्याच्या शेजारी दुसऱ्याचा, असं करत टेबलाला पुरा वळसा घालून शेवटचा ढीग पुन्हा पहिल्याच्या जवळ. बायकांनी चालत जायचं, प्रत्येक ढिगावरून एक फर्मा उचलायचा, हातातल्याच्या खाली सरकवायचा, आणि फेरी संपली की तयार झालेलं पुस्तक ढकलगाडीवर ठेवून पुन्हा पहिल्या ढिगाशी. शिलाई, डिंक, पुठ्ठा हे सगळं नंतरचं, दुसऱ्यांचं. ह्यांनी फक्त चालायचं.

करायला मात्र सोपं नव्हतं, कारण सहाजणींची पावलं एका चालीनं पडावी लागत. मागची घाईत आली की तिचा हात पुढचीच्या कोपरावर आदळतो, पुढची दचकते, एखादा ढीग सोडून देते नाहीतर एकाच ढिगावरून दोनदा उचलते, आणि कोणाला काही कळायच्या आत एक पुस्तक बिघडतं. घाई करायची नाही आणि रेंगाळायचंही नाही. ही चाल पुढारीण ठेवायची, आणि ती ठेवायची गाण्यांवर.

खिडकीत तिचा कॅसेट प्लेअर होता. तिचाच, कारखान्याचा नव्हे. गुळगुळीत पातळ कागद असला की संथ गाणी, कारण तो बोटांना चिकटून दोन-दोन येतो. शाळेच्या पुस्तकांचा जाडाभरडा कागद असला की ठेक्याची गाणी. कॅसेटची एक बाजू संपली आणि बटण खट्‌कन वर आलं की सगळ्यांनी पाणी प्यायचं, पाय मोकळे करायचे, मग दुसरी बाजू. घड्याळाकडे कोणी बघायचंच नाही. कॅसेट कोणती लावायची हे तिला कोणी विचारलं नाही आणि तिनंही कोणाला विचारलं नाही. आपल्या मागून चालणाऱ्या बायकांच्या मनात काय आहे ते आपल्याला पाठ आहे, अशी तिची पक्की समजूत होती. माणसाचं असंच असतं. पुढे चालणाऱ्याला मागच्यांची तोंडं दिसत नाहीत, आणि दिसत नाहीत म्हणजे ती हसरीच असणार असं तो धरून चालतो.

तिच्या पाठोपाठ असायची तिची धाकटी जाऊ. दोघी एकाच घरच्या सुना, राहायला भिंतीला भिंत लागून, आणि कामावरही मोठीमागे धाकटी. धाकटीच्या मागे चष्मेवाली. तिच्या मागे दोन सख्ख्या बहिणी, ज्यांना सगळे मिळून 'दोघी' म्हणत, कारण एकीला हाक मारली तरी ओ दोघी द्यायच्या. आणि सगळ्यात शेवटी नवी.

सगळी कुरबुर सुरू झाली ती ह्या नवीपासून. निदान पुढारिणीचं मत तसं होतं. नवी आली तीच मुळी कानात पांढरे दाणे घालून. वायर नाही, काही नाही, कानात नुसते शेंगदाण्याएवढे दोन दाणे. बाई आपल्याशी बोलतेय की कानातल्याशी, हेच समजायचं नाही. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ही तर कानातूनच आली. पुढारिणीनं मनाशी म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. पण आठवडाभरातच दोघींच्या कानांतही तसलेच दाणे आले. मग चष्मेवालीच्या मुलानं तिला घेऊन दिले. शेवटी धाकटीसुद्धा एके सकाळी केस कानांवर ओढून आली. कान झाकायला केस ओढावेत आणि त्यामुळेच सगळ्यांचं लक्ष जावं, अशातला तो प्रकार होता. पुढारिणीनं प्लेअरचा आवाज तेवढा वाढवला.

आणि मग तो दिवस आला. दुपारी गाणं चालू असताना प्लेअरनं आत टेप गिळली, दोनदा घुर्र केलं आणि तो गप्प झाला. पुढारीण चालता चालता थबकली. मागच्या पाचजणी मात्र चालतच राहिल्या. धाकटी तिच्या पाठीवर येऊन धडकली तेव्हा तिनं कानातला दाणा काढून विचारलं, "काय झालं ताई?"

गाणं बंद पडलं, हे तिला सांगावं लागलं. कॅसेट संपल्याशिवाय जिथे घोटभर पाणी कोणी पीत नव्हतं, तिथे अख्खं यंत्र मेलं आणि एकीलाही पत्ता नव्हता. त्या दिवसापासून तिच्या जिवाला चैन पडेना. प्लेअर दुरुस्त करायला नेला, तर दुकानदारानं तो असा पाहिला की जणू तिनं कुठली समई उकरून आणलीय. पार्ट मिळत नाहीत, म्हणाला. ती तो तसाच परत घेऊन आली आणि पलंगाखाली ढकलला.

टेबलाभोवती आता सहा चाली होत्या. नवीच्या कानात धडाधडा काहीतरी चालायचं, त्यामुळे ती सारखी दोघींच्या टाचांवर. दोघी दोन वेगळी गाणी ऐकायच्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच एकमेकींपासून वेगळ्या चालायच्या. चष्मेवाली गाणी नव्हे, कोणाच्या तरी गप्पा ऐकायची आणि मध्येच फर्मा हातात धरून हसायची. पाणी प्यायला कोणी थांबत नव्हतं, कारण फोनवरची गाणी संपतच नव्हती. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं, न बोलावता हजर. सगळ्या दमायच्या आणि का दमलो हे कोणाला कळायचं नाही.

ह्याचा निकाल लागला एका रहस्यकथेत. पुस्तक चांगलं खपलं, आणि मग वाचक ते दुकानात परत आणून आपटू लागले. पुष्कळशा प्रतींमध्ये एक फर्मा दोनदा होता आणि त्याच्या पुढचा गायब. त्यामुळे एका सावकाराचा खून व्हायचा, सोळा पानांनंतर त्याच सावकाराचा त्याच खोलीत पुन्हा खून व्हायचा, आणि खुनी कसा सापडला हे मात्र कुठेच नव्हतं. दोघी हे ऐकून हसत सुटल्या. पुढारिणीच्या टेबलावरून चुकलेलं पुस्तक ह्याआधी कधी गेलंच नव्हतं असं नाही, पण असं ढिगानं नव्हतं गेलं.

मालक आरडाओरडा करणाऱ्यातले नव्हते. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली, आणि खुर्ची दिली तेव्हाच ती समजायचं ते समजली. गावाबाहेर एकानं फर्मे उचलायचं मशीन आणलं होतं. ना पाय, ना कान. झाडाझुडपांच्या माहितीचा एक जाडजूड ग्रंथ येणार होता. तो ह्या टेबलावर बिनचूक झाला तर ठीक. त्यातही असलाच घोळ झाला तर उचलण्याचं काम मशीनवाल्याकडे जाईल, टेबल मोडीत निघेल आणि सहाजणींना दुसरीकडे काम शोधावं लागेल. हे सांगताना मालक तिच्याकडे न बघता पेनाचं टोपण काढत होते आणि लावत होते.

"तुम्ही आहात म्हणून आधी तुम्हाला सांगतोय बाई," ते म्हणाले.

संध्याकाळी ती घरी आली पण बसवेना. कांदा चिरायला घेतला, अर्धाच चिरून ठेवला. खिडकी उघडली, बंद केली. नवरा कोपऱ्यात फोन घेऊन बसला होता, कानात वायर, आणि मधूनमधून एकटाच खुदुखुदू हसत होता. तिनं सगळी हकीकत सांगितली. तो वायर काढून "काय?" म्हणाला. तिनं पुन्हा सांगितली. "होईल गं सगळं नीट," म्हणून त्यानं वायर परत घातली. नवऱ्यांचं हे वाक्य कुठे तयार मिळतं कोण जाणे, सगळ्यांकडे असतं.

मुलानं मागे कधीतरी तिच्या फोनवर गाण्यांचं ॲप घालून दिलं होतं. तिनं ते उघडलं. तिच्या जुन्या कॅसेटवरचं एक गाणं आठवून आठवून शोधलं आणि ते चटकन सापडलं. दुसरं शोधलं, तेही सापडलं. ज्यासाठी कधीकाळी ती तीन बसगाड्या बदलून कॅसेट भरून आणायला गेली होती, ते सगळं तिथे रांगेत हात जोडून उभं. तिला हरखून जायला हवं होतं. पण पहिल्या गाण्याचं एक कडवं होतंय तोवर तिला दुसरं आठवायचं, दुसरं लावलं की तिसरं. तासाभरात तिनं कितीतरी गाण्यांची सुरुवात ऐकली आणि शेवट एकाचाही नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या. वर ते ॲप तिला सांगत होतं की ही गाणी खास तुमच्यासाठी निवडली आहेत. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. गाणी निवडणारी ती होती. जन्मभर दुसऱ्यांसाठी तीच निवडत आली होती, आणि हा कोण दीडशहाणा तिच्यासाठी निवडणार?

दुसऱ्या दिवशी तिनं फर्मान काढलं की कानात काही घालायचं नाही. चष्मेवालीनं घरून एक स्पीकर आणला, नवीनं आपला फोन त्याला जोडला, आणि मग काय लावायचं ह्यावरून जे सुरू झालं ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत संपलं नाही. दोघींना जे हवं ते नवीला नको, नवीला हवं ते चष्मेवालीच्या डोक्यात जायचं. ज्याला घरी स्वतःच्या मर्जीचं ताट मिळतं तो पंगतीत रुसतो, तशी गत. अखेर पुढारिणीनं आपलं एक जुनं गाणं लावायला लावलं. सगळ्या चालू लागल्या. कडवं रंगात आलं आणि मध्येच एक बाई ओरडली की आजच विमा काढा. विमा संपून गाणं परत सुरू झालं तोवर सगळ्यांची पावलं विस्कटली होती. पुन्हा जमवली, तर नवीला तिच्या मावशीचा फोन आला आणि स्पीकरमधून अख्ख्या कारखान्याला मावशीच्या कंबरदुखीची वार्ता समजली.

मग चष्मेवालीनं डोकं लढवलं. गाणं सगळ्यांनी एकच लावायचं, पण आपापल्या कानात. म्हणजे गोंगाट नाही, मावशी नाही, आणि चाल एक. पुढारिणीला ते पटलं. तिनंही नवऱ्याची वायर मागून आणली. झाडाझुडपांच्या ग्रंथाचे ढीग लागले होते, मालक दारात उभे होते. सहाजणी फोनवर बोट ठेवून तयार झाल्या, पुढारिणीनं एक, दोन, तीन म्हटलं आणि सगळ्यांनी एकदम बोट दाबलं.

पहिली फेरी अगदी देखणी झाली. मालकांनी मान डोलावली. दुसऱ्या फेरीत विमावाली बाई नेमकी धाकटीच्याच फोनवर आली, आणि बाकीच्यांच्या नाही. धाकटीची पावलं अडखळली. चष्मेवाली तिच्यावर, दोघी चष्मेवालीवर, आणि नवी सगळ्यांवर अशा येऊन थडकल्या. झाडांचे फर्मे भुईवर पसरले, वडाच्या पानांत निवडुंग मिसळला. मालक वळून आत निघून गेले, आणि त्यांची ती पाठ पुढारिणीला झोंबली.

तिचा तोल गेला. उचलली जीभ लावली टाळ्याला असं ती सहसा करत नसे, पण त्या दिवशी तिनं एकेकीला धारेवर धरलं. नवीला आगाऊ म्हणाली, दोघींना बिनडोक. मग धाकटीकडे वळली. "इतकी वर्षं माझ्या गाण्यांवर चाललात. तेव्हा पडलं कोणाचं पाऊल वाकडं?"

धाकटी खाली बसून फर्मे गोळा करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "चालत होतो ताई. कान बंद करायची सोय नव्हती."

"म्हणजे?"

"म्हणजे ती गाणी आम्हाला आवडायची नाहीत. मला तर कधीच नाही."

पुढारिणीनं बाकीच्यांकडे पाहिलं. दोघी ढिगाच्या कडा सारख्या करू लागल्या. चष्मेवालीनं चष्मा काढला आणि पुसत राहिली, काच झिजेल इतका वेळ. कोणीच 'नाही हो, असं काही नाही' म्हटलं नाही. एकीनं जरी म्हटलं असतं तरी तिला पुरलं असतं.

त्या संध्याकाळी दोघी जावा एकाच रस्त्यानं घरी आल्या, पण एक ह्या बाजूनं आणि एक त्या बाजूनं. पुढारिणीला फार लागलं होतं. राग आला होता, पण रागापेक्षा लाज जास्त होती. संथ गाणी लावली की धाकटी मागून गुणगुणते असं तिला वर्षानुवर्षं वाटत आलं होतं. आता विचार केल्यावर लक्षात आलं, ते गुणगुणणं नसेल, ते उसासे असतील. भांडी घासताना तिला एकेक कॅसेट आठवत गेली आणि प्रत्येक कॅसेटबरोबर मागून चालणारी पाच तोंडं, आणि आता ती सगळी आंबट दिसू लागली. भिंतीपलीकडे धाकटीच्या घरात नळ वाहत होता. एकदा वाटलं जावं आणि विचारावं, मग सांगितलं का नाहीस? पण उत्तर तिला ठाऊक होतं. तुम्ही विचारलंत कधी?

सकाळी नवीनं तोड काढली. गाणं शिकणाऱ्यांचं एक ॲप असतं, त्यात गाणं नसतंच, नुसता ठोका पडत राहतो. टक, टक, टक. मिनिटाला किती ठोके हवेत तो आकडा आपण घालायचा. नवी जराशी घाबरतच पुढारिणीकडे आली आणि म्हणाली, "तुम्ही एकट्या टेबलाभोवती चाला ना जरा. नेहमीसारख्या." पुढारीण चालली. नवीनं तिच्या पावलांबरोबर फोनवर बोट आपटलं, आणि फोननं आकडा सांगितला: अठ्ठ्याऐंशी. "ही तुमची चाल," नवी म्हणाली. आपला रक्तगट पहिल्यांदा कळावा तसं पुढारिणीला वाटलं. मालकांनी आपला एक जुना फोन दिला, तो स्पीकरला जोडून खिडकीत ठेवला, जिथे पूर्वी प्लेअर असायचा तिथेच.

आणि जमलं. टकटकीला कोणाची आवडनिवड नव्हती, त्यामुळे भांडण नव्हतं. सहा उजवे पाय, सहा डावे पाय. झाडाझुडपांचा ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बिनचूक बाहेर पडला. मालक स्वतः पेढीवरच्या माणसासारखे प्रत उलटीपालटी करून बघत होते आणि त्यांना एकही चूक सापडली नाही. टेबल राहिलं. बायकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पुढारिणीनंही सोडला, आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या कानात परत ते टक, टक सुरू झालं. जेवताना, झोपताना, रस्त्यानं जाताना. दार वाजलं तरी तिचं डावं पाऊल पुढे पडायचं.

मग शाळेच्या पुस्तकांचा लॉट आला, आणि तिचे पाय तिला दगा देऊ लागले. ढिगाशी पोचायला एवढासा उशीर व्हायचा. एवढासाच, पण ती पुढे चालणारी, तिला कळायचा. संध्याकाळी पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. ठोका तर यंत्राचा, यंत्र कसं चुकेल? म्हणजे चुकत होते ते पाय. वय झालं, तिनं ठरवून टाकलं. नवी चप्पल घेतली. रोज गरम पाण्यात पाय बुडवून बसू लागली. नवऱ्यानं एकदा दोन्ही कानांतल्या वायरी काढून तिच्या पोटऱ्यांना तेल लावून दिलं, तेव्हा तर आपलं काही खरं नाही अशी तिची खात्रीच पटली. आता पुढची जागा सोडावी आणि नवीला पुढे घालावं, असंही तिच्या मनात येऊ लागलं. दिवसभर ती चालायची आणि चालता चालता ह्याच एका विचाराभोवती आणखी एक फेरी मारायची.

धाकटी गुडघा दाबत चालते हे तिनं पाहिलं आणि मान पुढे वळवली. दोन जावांमध्ये अजून अळीमिळी गुपचिळी होती.

तिला कळलं ते असंच, न शोधता. एके सकाळी ती लवकर आली होती. मालक खिडकीपाशी उभे राहून रोजच्यासारखा तो फोन सुरू करत होते. ते वळले तेव्हा तिला फोनवरचा आकडा दिसला. शहाण्णव.

तिला आधी कळेचना आपण काय पाहतोय ते. मग कळलं, आणि पायांतली सगळी दुखणी एकदम डोक्यात चढली. तिचे पाय चुकत नव्हते. तिचे पाय जिथे असायला हवे होते तिथेच होते. कोणीतरी ठोकाच पळवत होतं.

"हे कधी वाढवलंत?" तिनं विचारलं.

मालक ओशाळले, पण फार नाही. एकदम नाही वाढवलं, म्हणाले, रोज एखाददुसरा आकडा. कोणाची तक्रार नव्हती, चूक होत नव्हती. मशीनवाला दिवसाला जेवढं देतो त्याच्या आसपास तरी पोचायला नको का? शाळा उघडायच्या आत पुस्तकं जायची आहेत. "तुम्हाला त्रास व्हावा म्हणून नाही केलं बाई. टेबल टिकावं म्हणूनच केलं."

ते खोटं बोलत नव्हते, आणि हेच पुढारिणीला जास्त छळत होतं. एव्हाना बाकीच्या आल्या होत्या, कापडी पिशव्या खुंट्यांना अडकवून टेबलाशी उभ्या राहिल्या होत्या. फोन खिडकीत टकटक करत होता. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसे मालक रोज केबिनमधून येऊन एक आकडा फिरवायचे आणि बारा पाय इथे पळायचे. तिच्या मनात आलं, कॅसेटला कोणी असं करू शकत नव्हतं. गाणं जेवढं असतं तेवढंच असतं. मालकांनी किती घाई केली असती तरी गाणारीनं कडवं लवकर संपवलं नसतं, आणि बाजू संपली की बटण वर यायचंच. तिची गाणी आवडत नसतील कोणाला, नसोत. पण त्या गाण्यांनी ह्या बायकांना कधी पळवलं नव्हतं. आणि स्वतःची चाल काढून ह्या यंत्रात घातली होती कोणी? तिनंच.

तिनं हात पुढे करून टकटक बंद केली.

मालक म्हणाले, "बाई, लॉट?"

"लॉट होईल. पुस्तक एक चुकलं तरी टेबल मोडा, मी शब्द काढणार नाही. पण चालायचं कसं ते आम्ही ठरवू."

"आणि वेळेत नाही झाला तर?"

"तर तुमचं मशीन आहेच," ती म्हणाली. मागे दोघींपैकी कोणीतरी श्वास ओढला. सहाजणींचं पोट ती एकटीच पणाला लावत होती, पुन्हा न विचारता, आणि हे तिच्या बोलता बोलताच ध्यानात आलं. ती वळली. इतकी वर्षं ह्या टेबलाशी ती त्यांच्याकडे पाठ करून उभी राहत आली होती. आता पाचही तोंडं तिच्या समोर होती. ती ना आंबट होती ना हसरी. दमलेली होती.

"चालेल ना?" तिनं विचारलं.

चष्मेवालीनं मान हलवली. नवीनं दोन्ही कानांतले दाणे काढून डबीत टाकले. दोघी एकदमच हो म्हणाल्या. धाकटी गुडघ्यावर हात ठेवून तशीच उभी होती, तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

खोलीत आवाज नव्हता. गाणं नव्हतं, ठोका नव्हता. रस्त्यावरून एखादी गाडी जायची तेवढीच. पुढारिणीनं आपला फोन काढला, गाण्यांचं ॲप उघडलं, आणि तिचं बोट सवयीनं आपल्या एका जुन्या गाण्यावर गेलं. ते तिथेच थांबलं. मग तिनं फोन उचलून धाकटीपुढे धरला.

"काय लावू?"

धाकटीनं फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मला विचारताय?"

"तुलाच."

धाकटीनं हात पुसले. फोन घेतला नाही. "थांबा हं ताई. असं एकदम विचारलंत." तिचे डोळे भरून आले आणि त्याचा तिला राग आल्यासारखं तिनं नाक ओढलं. "मला आठवावं लागेल."

मालकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चष्मेवालीनं पाहिलं, नवीनं पाहिलं. पहिल्या ढिगावरचा वरचा फर्मा पंख्याच्या वाऱ्यानं उचलला जात होता.

"आठव सावकाश," पुढारीण म्हणाली. "मी थांबते."